ऋणकोचा उंबरठा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त देवळाच्या सभागृहांत भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सव समितीनें आम्हांस या सभेंत आपल्या देवळाच्या इतिहासावर चार शब्द बोलावयास सांगितलें होतें. पायाचा दगड केव्हां बसला, घंटा कोणीं दिली, पहिल्या मिस्सेस किती माणसें होतीं, हें सर्व सांगण्याजोगें आहे आणि या स्मरणिकेंत तें अन्यत्र आलेंच आहे. परंतु समितीची क्षमा मागून आम्ही आज दुसऱ्याच विषयावर बोलणार आहों. विषय मंगल प्रसंगास शोभेसा नाहीं. तो आहे कर्ज, आणि तें मागण्यास दारीं येणारा मनुष्य.

असें कां, तें सांगतों. गेल्या ईस्टर सणानंतर प्रतिवर्षाप्रमाणें आम्ही घरें आशीर्वादण्यास निघालों होतों. एका आळींत एका घराच्या खिडक्या भर दुपारीं बंद दिसल्या. आंत पंखा फिरत असल्याचा आवाज मात्र येत होता. आम्हीं कडी वाजविली, कोणी उठेना. दुसऱ्यांदा वाजविली, तेव्हां दाराआडून एका लहान मुलाचा आवाज आला, "बाबा घरीं नाहींत. कधीं येणार ठाऊक नाहीं." तें वाक्य त्यानें इतक्या सरावानें म्हटलें कीं आमच्याबरोबरच्या वेदीसेवक मुलास हसूं आलें. आम्हांस आलें नाहीं. आम्हीं म्हटलें, "बाळा, फादर आले आहेत." आंत कुजबूज झाली, कडी निघाली आणि दारांत त्या मुलाचा बापच उभा राहिला. त्याच्या मागें स्वयंपाकघराच्या दारांत त्याची पत्नी. दोघांनाही आमच्या तोंडाकडे पाहवेना.

त्या दिवशीं पुढचीं घरें राहिलीं. आम्ही त्यांच्या ओटीवर दोन तास बसलों. जें ऐकिलें तें त्या कुटुंबाच्या संमतीनें, आणि ओळख पटूं नये इतपत फेरफार करून, येथें सांगतों. बहिणीच्या लग्नासाठीं पतपेढीचें कर्ज. तें फिटण्यापूर्वीं आईच्या आजारपणांत क्रेडिट कार्डावर झालेला खर्च. कार्डाचे पैसे भरण्यासाठीं पत्नीच्या पाटल्या गहाण. आणि पाटल्यांचें व्याज भरण्यासाठीं मोबाईलवरील एका ॲपमधून पांच मिनिटांत मिळालेले पैसे. एकूण किती, असें आम्हीं विचारलें. त्यास सांगतां येईना. तो लबाडी करीत नव्हता. त्यानें बेरीज कधीं केलीच नव्हती. बँकेचीं पत्रें एका पिशवींत कोंबून ती पिशवी कपाटावर ठेविली होती, आणि त्यांतले कित्येक लखोटे फोडलेलेही नव्हते.

कर्ज काढणें हें पाप नव्हे. आपल्या वाडवडिलांनीं विहिरीसाठीं, बैलांसाठीं, होडीसाठीं कर्जें काढलीं आणि फेडलीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आम्हींही प्रवचनांत पुष्कळदां वापरली आहे. पण आजारपणानें ज्याचें अंथरूणच ओढून नेलें, त्यास ती ऐकवून काय उपयोग? आज आम्हांस जें खटकतें तें कर्ज नव्हे, तें लपविणें होय. लपविलेलें कर्ज मोजलें जात नाहीं, न मोजलेलें फिटत नाहीं, आणि घरांतील मूल मात्र खोटें बोलावयास शिकतें.

पिशवींतले कागद आम्हीं ओटीवर पसरले. आमचें गणित सेमिनरींतही बेताचेंच होतें. तरी जें समजलें तें तुम्हांसही समजावें म्हणून सांगतों. समजा कार्डावर ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्यास शेंकडा साडेतीन आहे. पहिल्या महिन्याचें व्याज झालें १,७५० रुपये, त्यावर शेंकडा १८ प्रमाणें कर ३१५ रुपये. बँकेनें 'कमीत कमी इतके भरा' म्हणून २,५०० चा आंकडा छापला आणि तुम्हीं तो इमानानें भरला, तर मूळ रकमेंतून उणे झाले अवघे ४३५ रुपये. गृहस्थ वर्षभर इमानानें भरीत होता आणि कर्ज हलत कां नाहीं म्हणून स्वतःच्या नशिबास दोष देत होता.

दुसरी गोष्ट, सरसकट व्याजाची. एक लाख रुपये दोन वर्षांसाठीं, 'फक्त बारा टक्के', असें सांगतात. दोन वर्षांचें व्याज २४,००० धरून हप्ता बसतो सुमारें ५,१६७ रुपये. परंतु तुम्ही तर दरमहा मुद्दलही परत करीत असतां. शेवटच्या महिन्यांत तुमच्यापाशीं लाख रुपये नसतात, पांचएक हजारच उरलेले असतात. तरी व्याज पुऱ्या लाखावर! उरलेल्या शिलकेवर हिशेब केला, तर हाच दर वर्षास साडेएकवीस टक्क्यांच्या घरांत जातो. म्हणून कर्ज घेतांना 'दर काय' इतकेंच विचारूं नका. 'उतरत्या शिलकेवर कीं सरसकट' हेंही विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या.

ॲपची रीति तर विलक्षणच. कागदोपत्रीं ५,००० रुपये, शुल्क कापून हातीं ३,५००, आणि सात दिवसांनीं मागणी पुऱ्या ५,००० ची. आठवड्यास शेंकडा त्रेचाळीस झाले! १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें चिडलेल्या शेतकऱ्यांनीं ज्या सावकारांचीं खतें जाळलीं, ते सावकारही हा दर ऐकून थक्क झाले असते.

आणि आपल्या गांवांतला 'ओळखीचा माणूस'? तो महिन्यास शेंकडा दहा घेतो. वर्षाचे एकशेंवीस होतात. महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्यानें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे आणि त्यास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परवानाधारक सावकारासाठीं त्या वर्षीं जे कमाल दर ठरले ते असे : शेतकऱ्यास तारणावर वर्षास ९ टक्के, बिनतारणी १२, इतरांस १५ आणि १८. शिवाय व्याज म्हणून मुद्दलाहून अधिक रक्कम त्यास वसूल करतां येत नाहीं. जुनी दामदुपटीची मर्यादा ती हीच. कोऱ्या स्टँपकागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊं नका, मग मागणारा मानलेला भाऊ कां असेना. न वटलेल्या चेकावरून फौजदारी खटला होतो, आणि त्यावरचा आंकडा तुम्हीं घातला नव्हता हें पुढें तुम्हांसच सिद्ध करीत बसावें लागतें.

आतां उंबरठ्याविषयीं. पवित्र शास्त्रांत, अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायांत, धनकोसाठीं एक नियम आहे. तो आम्हीं अनेकदां वाचला होता, पण त्या ओटीवर बसून प्रथमच समजला. धनको तारण मागण्यास आला तर त्यानें ऋणकोच्या घरांत शिरूं नये. बाहेर उभें रहावें आणि ऋणकोनें स्वतः वस्तु बाहेर आणून द्यावी. गरिबाचें पांघरूण तारण घेतलें असेल तर सूर्यास्तास परत करावें, कारण तो रात्रीं निजणार कशांत? जातें तारण घेऊं नये, कारण त्यावर त्याचें पोट चालतें. कर्ज बुडवावें असें तेथें म्हटलेलें नाहीं. देणें तें द्यावयाचेंच. पण देणेकऱ्याचें घर त्याचें घरच राहतें.

आणि आश्चर्य असें कीं आपल्या देशाचा कायदाही जवळजवळ हेंच सांगतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणें कोर्टाचा हुकूमनामा असला तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें आणि शेतकऱ्याचीं अवजारें जप्त करतां येत नाहींत. जातें आणि पांघरूण, दोन्ही तेथें आलींच! 'पैसे भरले नाहींत तर उद्यां तुरुंगांत' ही धमकी त्या गृहस्थास रोज फोनवर मिळत होती. परंतु १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें आहे कीं ज्याच्यापाशीं खरोखरच द्यावयास नाहीं, त्यास केवळ कर्ज फिटलें नाहीं म्हणून कैदेंत घालतां येत नाहीं. लबाडीनें संपत्ति लपविणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याची वकिली आम्हांस करावयाची नाहीं.

रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या ऑगस्टमध्यें बँकांस आणि वित्तसंस्थांस बजावलें कीं थकलेल्या कर्जासाठीं वसुलीच्या माणसानें सकाळीं ८ च्या आधीं व सायंकाळीं ७ च्या नंतर फोन करूं नये, शिवीगाळ वा दमदाटी करूं नये, चारचौघांत अपमान करूं नये, आणि नातेवाईक व मित्र यांस त्रास देऊं नये. म्हणून माणूस दारीं आला तर दार उघडा. होय, उघडा! मुलास पुढें करूं नका. नांव विचारा, ओळखपत्र आणि बँकेचें अधिकारपत्र पहा. ओटीवर बसवा, पाणी द्या. आंत बोलावण्याचें बंधन नाहीं. पैसे द्याल ते कर्जखात्यांतच भरा. हातीं द्यावेच लागले तर छापील पावतीवांचून एक रुपयाही देऊं नका. जी तारीख पाळतां येणार नाहीं ती तोंडावर फेंकूं नका, कारण मोडलेल्या तीन वायद्यांनंतर खरें बोलणेंही खोटें वाटूं लागतें. दमदाटी झाली तर वेळ, नांव आणि शब्द वहींत टिपून ठेवा व बँकेस लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाहीं आलें, किंवा आलेल्या उत्तरानें समाधान झालें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करतां येते. त्यांचा फोन क्रमांक १४४४८.

ॲपवाले घाणेरडे फोटो बनवून नातेवाइकांस पाठवितात, तो तर उघड गुन्हाच आहे. १९३० या क्रमांकावर कळवा आणि पोलिसांत जा. त्यांचें तोंड बंद करण्यासाठीं दुसऱ्या ॲपचें कर्ज घेऊं नका. अशा छळापायीं माणसांनीं जीव दिल्याच्या बातम्या आपण सर्वांनीं वाचल्या आहेत. तसा विचार कोणाच्याही मनांत आला तर रात्रीचे कितीही वाजले असोत, आमच्या निवासाची घंटा वाजवा. आम्ही घोरत असलों तर जोरानें वाजवा. १४४१६ हा सरकारचा मदतीचा क्रमांकही अहोरात्र चालू असतो.

येथें दोन शब्द आपल्याच धर्मग्रामांतील त्या तरुणांस, जे वसुलीच्या कामावर आहेत. तुम्ही कोण तें आम्हांस ठाऊक आहे; तुमचें काम प्रामाणिक आहे आणि तुमच्या घरींही चूल पेटावी लागते. पतपेढीचा पैसा हा कोणा श्रीमंताचा नसून शेजारच्या म्हातारीची ठेव असतो. तो बुडाला तर तीच बुडते. तो मागा. फक्त उंबरठ्याबाहेर उभे राहून मागा, आणि पोरांच्या देखत आवाज चढवूं नका.

जामीनदारांविषयीं बोलल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. मित्रासाठीं सही करणें ही आपल्याकडे केवळ रीत समजली जाते. कायद्यानें जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतपेढीस १०१ चा दाखला मिळाला कीं वसुली अधिकारी दोघांपैकीं कोणाच्याही पगाराकडे वळूं शकतो. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांत तर अशा सहींत गुंतलेल्यास झोंप न घेतां जाऊन सुटका करून घे, असेंच सांगितलें आहे. जेवढी रक्कम स्वतः भरतां येईल, तेवढ्यापुरतीच सही करा. आणि केली असेल तर घरीं सांगा.

विधवा भगिनींनो, तुमच्यासाठीं राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायांतील ती स्त्री आठवते. नवरा वारला, आणि धनको तिचे दोन मुलगे गुलाम म्हणून न्यावयास आला. अलीशा संदेष्ट्यानें तिला प्रथम काय विचारलें? तुझ्या घरांत काय आहे, हें. तुम्हीही प्रथम तेंच पहा. पतीच्या कर्जावर तुमची सहकर्जदार वा जामीनदार म्हणून सही नसेल, तर पतीच्या मागें राहिलेल्या मिळकतीपुरतेंच तें कर्ज तुमच्याकडून वसूल होऊं शकतें. तुमच्या स्वतःच्या कमाईस वा माहेरच्या दागिन्यांस त्याचा धक्का लागत नाहीं. गृहकर्जाबरोबर पुष्कळदां विमाही उतरविलेला असतो. कागद काढून पहा. मर्तिकाच्या आठव्या दिवशीं दारीं आलेल्या माणसापुढें घाबरून कोठेंही सही करूं नका.

त्या घराची बेरीज ४,३८,००० रुपये निघाली. आंकडा ऐकून नवराबायको दोघेंही थोडा वेळ गप्प झालीं. पण त्या रात्रीं कित्येक महिन्यांनीं तो सकाळपर्यंत झोंपला, असें त्याच्या पत्नीनें मागाहून सांगितलें. पुढें काय केलें तें थोडक्यांत : सर्वांत महाग कर्ज आधीं फेडावयाचें, या न्यायानें पाटल्या सोडवून विकल्या, ॲपचें मुद्दल भागविलें, कार्डावरची रक्कम बरीच खालीं आणली आणि कार्ड कात्रीनें कापलें. पाटल्या विकण्याचा निर्णय तिचा होता, आणि तो सोपा नव्हता. पतपेढीस स्वतः जाऊन पत्र दिलें. मुदत वाढून हप्ता कमी झाला. हप्ता चुकण्यापूर्वीं गेलेल्या मनुष्याशीं संस्था निराळ्या सुरांत बोलते. नव्वद दिवस उलटून खातें बुडीतांत धरलें जाऊं लागलें कीं त्याच टेबलावरचा सूर बदलतो.

असें एकत्र बसून हिशेब करणें हें आपल्या समाजास नवीन नाहीं. सावकाराच्या पाशांतून गरीब सुटावा म्हणून १४६२ सालीं इटलींत पेरुजिया येथें फ्रान्सिस्कन साधूंच्या खटपटीनें गरिबांसाठीं गहाणपेढी निघाली. १९०९ सालीं रांची येथें जेसुइट फादर हॉफमन यांनीं छोटानागपूरच्या आदिवासींसाठीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. आणि आपल्या वसईंत १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनीं ज्या संस्थेचा पाया घातला ती आजची बसीन कॅथॉलिक बँक. त्या धर्मगुरूंना हिशेबाची लाज वाटली नाहीं.

आम्हांस मात्र एका गोष्टीची लाज वाटली, आणि ती सांगितल्यावांचून आम्हांस खालीं बसतां येत नाहीं. पिशवींतले कागद लावतांना एक पावती सांपडली. सही आमची. सुवर्णमहोत्सव निधीस ११,००० रुपये. तारीख पाहिली, ॲपमधून पैसे घेतले त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. घरटीं ११,००० हा आंकडा आम्हींच वेदीवरून जाहीर केला होता, आणि देणाऱ्यांचीं नांवें स्मरणिकेंत छापूं असेंही आम्हींच सांगितलें होतें. ज्या घराचें नांव यादींत नसेल त्याविषयीं आळींत काय बोललें जाईल, हें आमच्या मनास शिवलें नाहीं. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत पन्नासावें वर्ष जुबिलीचें सांगितलें आहे : रणशिंग फुंकावें, विकलेली जमीन मूळ धन्यास परत जावी, दारिद्र्यानें विकला गेलेला मनुष्य आपल्या कुटुंबांत परत यावा. २०२५ च्या पवित्र वर्षाच्या घोषणापत्रांत पोप फ्रान्सिस यांनीं श्रीमंत राष्ट्रांस गरीब राष्ट्रांचीं कर्जें माफ करण्याची विनंति केली, ती आम्हीं याच सभागृहांत मोठ्यानें वाचून दाखविली होती. आणि आमच्या पन्नासाव्या वर्षीं आम्हीं काय केलें, तर एका घरास आणखी एक धनको मिळवून दिला.

आम्ही ते पैसे घेऊन गेलों तेव्हां गृहस्थानें हात मागें घेतला. "फादर, देवाला दिलेलें परत कसें घेऊं?" त्याची पत्नी स्वयंपाकघरांतून आली, पाकीट उचललें आणि म्हणाली, "देवाला नव्हते दिले, फादर. लोकांच्या तोंडाला दिले होते." तिच्या उत्तरांत आम्हांस दोष काढतां आला नाहीं.

समितीशीं पुष्कळ बोलणें झालें. कांहीं सभासद अजूनही आमच्यावर रुष्ट आहेत. परंतु या स्मरणिकेंत देणगीदारांची यादी नाहीं, तें चुकून नव्हे. ज्यांनीं कर्ज काढून वर्गणी दिली असेल त्यांनीं ती मुकाट्यानें परत घेऊन जावी. कारण विचारलें जाणार नाहीं. बुरुजाचें रंगकाम पुढल्या वर्षावर गेलें आहे, आणि त्यासाठीं राखलेली रक्कम संत विन्सेंट दि पॉल मंडळाच्या हातीं, निकडीच्या वेळीं बिनव्याजी हातउसने देण्यासाठीं, ठेविली आहे. रक्कम लहान आहे. ती सर्वांस पुरणार नाहीं.

येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर मंडळाचे दोघे सभासद, एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक वकील भगिनी सॅक्रिस्टीच्या बाजूच्या खोलींत बसतील. कागद लावून आणण्याची गरज नाहीं. लखोटे फोडलेले नसले तरी पिशवी आहे तशीच आणा. त्या खोलीस मागल्या बाजूनें, चिंचेच्या झाडाकडूनही एक दार आहे. तें दुपारीं बारापर्यंत उघडें राहील.